पिवळा कमी पडला

सोमवारी सकाळी फाटकापाशी मी एका मुलीला बाजूला काढलं. यात नवल काही नाही. सोमवारी फाटकाची पाळी माझी आणि व्यायामाच्या सरांची असते. ते नखं आणि केस बघतात, मी कपडे बघतो. चित्रकलेचा मास्तर म्हणजे डोळा चांगला असणार, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलं आणि दुर्दैवानं ते खरं निघालं. मुलं चार-चार, सहा-सहा अशी आत येत असतात, हिरव्याचा नुसता लोंढा, आणि त्यात एखादा हिरवा वेगळा असला तर तो मला शोधावा लागत नाही. घासात खडा लागावा तसा लागतो. मी मान पुरती वर न करताच बोट दाखवलं आणि म्हणालो, "तू. बाजूला." सातवीतली मुलगी होती, उंच, हातापायांनी अंमळ जास्तच लांब. ती लगेच बाजूला झाली. का, कशाला, काही विचारलं नाही. कुठं उभं राहायचं तेही तिला ठाऊक होतं, पाण्याच्या टाकीशेजारी. दप्तर पायाशी ठेवून, एका पायावर भार देऊन, लांबलचक रांगेत उभी राहायची सवय असलेल्या मोठ्या बायकांसारखी ती उभी राहिली आणि बाकीची मुलं आत जाताना बघत राहिली. मला वाटतं तिचं ते न विचारणंच मला लागलं. नाहीतर एकोणीस वर्षांत मी किती मुलांना असं काढलं असेल ते मला आठवत नाही, आणि आठवलं म्हणून माझी कधी झोपही उडालेली नाही.

घंटा झाल्यावर मी तिच्याजवळ गेलो. स्कर्ट अजून पुरता वाळलेला नव्हता आणि पांढऱ्या मोज्यांवर हिरवे ओघळ आले होते. "घरी रंगवलास?" मी विचारलं. ती म्हणाली, "आईनं. मामीचा पांढरा होता. घरी सगळे म्हणाले, अजिबात ओळखू येत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं, सर?" आवाजात ना भीती ना तक्रार. जादूगाराला विचारावं तसं निव्वळ कुतूहल. आणि मी, शहाणा माणूस, उत्तर दिलं. म्हणालो, "पिवळा कमी पडला." तिनं खाली वाकून स्कर्टकडे पाहिलं, मान डोलावली. "बरं. आईला सांगते," म्हणाली आणि दप्तर उचलून वर्गात गेली. व्यायामाचे सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "सर, तुमच्या डोळ्याला तोड नाही. मला तर दोन्ही सारखेच दिसले." असं कुणी म्हटलं की मला बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या तासाला फळा पुसून होईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

मग मात्र ते वाक्य तोंडात घोळायला लागलं. पिवळा कमी पडला. पाचवीच्या वर्गाला मी टेबलावर एक किटली ठेवून दिली आणि काढा म्हटलं, आणि खिडकीपाशी उभा राहून मनातल्या मनात एका न पाहिलेल्या बाईच्या मोरीत जाऊन पोचलो. बादली, काठी, रंगाच्या पुड्या. तिला वाटणार, मास्तरांनी सांगितलंय म्हणजे आणखी अर्धी पुडी पिवळी टाकावी. ती टाकेल, आणि तो रंग पोपटी होईल, कारण नुसत्या पिवळ्यानं हे होण्यातलं नाही. त्यात गंजासारखा एक तांबडा आहे, अगदी चिमटीभर, तो काही तिला कुणी सांगितलेला नाही. सांगणार कोण? तो तिथं आहे हे जगात दोघांनाच माहीत, एक गिरणीतला रंगवाला आणि दुसरा मी. कारण तो मी घातला होता. मुलं आमच्या गणवेशाला 'बेडकी' म्हणतात, दुसऱ्या शाळांची मुलं आमच्या मुलांना बसमध्ये डराव डराव करून दाखवतात, आणि तरी मी म्हणेन की रंग चांगला आहे. लांबून ओळखू येतो, डोळ्याला दुखत नाही, मळखाऊ आहे. फक्त तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. एका दुकानात मिळतो. ते दुकान माझ्या बहिणीचं आहे.

हे सगळं मी लपवून केलं असं कुणाला वाटायला नको. एकोणीस वर्षांपूर्वी तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले होते, आपली मुलं गर्दीत उठून दिसली पाहिजेत, असा काहीतरी रंग काढा, आणि मी तीन रविवार घालून कागदावर अकरा हिरवे केले. तेव्हा ताईचं दुकान म्हणजे पडद्याच्या कापडाचे चार तागे आणि दिवसभर उघडं दार. भावोजी बिचारे गल्ल्यामागे बसून वर्तमानपत्र पाठ करायचे. माझ्या मनात आलं, असा रंग करावा की कुठल्याच गिरणीच्या नमुन्यांच्या पुस्तकात सापडू नये. मग तो मुद्दाम विणून घ्यावा लागेल, आणि विणून कोण घेईल? सातवा हिरवा मी निवडला आणि मुख्याध्यापकांना दाखवायच्या आधी ताईला नेऊन दाखवला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. मास्तरकीत कुणाचं ऋण फेडता येत नाही म्हणतात, आणि मी एका कागदावर फेडलं होतं, तेही कुणाच्या खिशाला हात न लावता. पण हात कुणाच्या तरी खिशाला लागतोच, हे तेव्हा माझ्या डोक्यात कसं आलं नाही, हे मी आता स्वतःला विचारतो आणि मला प्रामाणिक उत्तर सापडत नाही. पालक नावाची एक गर्दी असते, ती वर्षातून एकदा दुकानाबाहेर दिसते, एवढंच माझं ज्ञान.

ऋण कसलं, तेही सांगायला हवं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई पंधरा. वडील पाळीवर जात, कधी दिवसाची कधी रात्रीची, घरात असले की झोपलेले असत. मला आंघोळ घालणं, शाळेत पोचवणं, माझ्या पाढ्यांवर डुलक्या काढणं, सगळं ताईनं केलं, आणि करताना ती इतकी चिडायची की तिला माझी माया आहे हे मला पुष्कळ वर्षांनी, हिशेब लावून कळलं. माझ्या शाळेचा सदरा गडद निळा होता. तिसरीत असताना तो विकत घ्यायचा राहिला आणि ताईनं एक पांढरी चादर कापून, हातानं शिवून, बादलीत रंगवली. मला अजून तिचे हात दिसतात, कोपरापर्यंत निळे, पुढं आठवडाभर निळे. सदरा सुंदर झाला होता. फक्त तो जांभळ्याकडे गेला होता. सकाळी ओळीत उभे असताना एका बाईंनी मला खांद्याला धरून काढलं आणि पायऱ्यांपाशी उभं केलं. "हा निळा आपला नाही," म्हणाल्या. मी पायऱ्यांवरून ओळीकडे पाहिलं आणि मला दिसलं की तिथं एक निळा नव्हताच. नवा निळा, धुतलेला निळा, मोठ्या भावाचा उतरलेला निळा, काखेत विटलेला निळा, असे कितीतरी निळे, आणि सगळ्यांना ते एकच वाटत होते. मी ते मोजत उभा राहिलो. रडलो नाही. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट मी नेहमी मजेनं सांगत आलोय: माझं चित्रकलेचं पहिलं शिक्षण पायऱ्यांवर झालं, फुकट झालं. सगळे हसतात. मीही हसतो. त्या सोमवारी किटली काढणाऱ्या वर्गासमोर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की त्या गोष्टीत हसण्यासारखं काही नाही, आणि ती मी इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं सांगत होतो. मी पायऱ्यांवरून उतरून थेट फाटकापाशी जाऊन उभा राहिलो होतो, एवढाच काय तो माझा प्रवास.

आता योगायोग म्हणा, पण दुपारच्या सुट्टीत मोठ्या बाईंनी गणवेश समितीची बैठक बोलावली होती. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हल्लीच्या मुख्याध्यापिका, अंगानं लहानखुऱ्या आहेत. अशी एक समिती आहे आणि मी तिचा चिटणीस आहे, हे मला दरवेळी बैठक निघाली की नव्यानं कळतं. वरून परिपत्रक आलं होतं. भाषा नेहमीचीच, तीन पानांत एक गोष्ट: गणवेशाचे रंग असे हवेत की कापड कुठल्याही दुकानात मिळेल, पालकांना अमुक एका दुकानातून घ्या म्हणायचं नाही, शाळेची ओळख म्हणून खिशावर शिवायचं एक चिन्ह पुरे. पांढरा सदरा, करडी पँट नाहीतर स्कर्ट. येत्या वर्षापासून करावं. पण शाळेला अडचण असल्यास एक वर्ष सवलत मिळेल, तसं लिहून कळवावं. मोठ्या बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि कुणाकडेच बघितलं नाही. पालकांच्या वतीनं एक बसचालक येतात, कामावरच्याच कपड्यांत येतात आणि खुर्चीच्या कडेवर बसतात. त्यांच्या दोन मुली आमच्याकडे आहेत. ते म्हणाले, "यंदा झालं तर बरंच आहे. थोरलीचा धाकटीला होत नाही, धाकटी अंगानं भरलेली आहे. पण शाळेची अडचण असेल तर आपलं काही म्हणणं नाही. इतकी वर्षं निघाली, आणखी एक निघेल." आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. इतक्या चांगल्या माणसांत बसून मला इतकं कानकोंडं कधी झालं नव्हतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही चिटणीस. अडचण आहे की नाही ते तुम्हीच लिहा. दुकानात वर्षाचा माल येऊन पडलेला असणार, आम्हाला काय कळत नाही का? तुम्ही सवलत लिहिलीत तर मी डोळे मिटून सही करीन. यंदापासून लिहिलंत तरी करीन. उद्या सकाळी द्या." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. खाली एक ओळ कोरी होती. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणी भांडलं असतं, कुणी टोमणा मारला असता, तर मला किती सोपं गेलं असतं. मी तावातावानं काहीतरी बोललो असतो आणि त्या भरात एक घाव दोन तुकडे झाले असते. पण सगळे समजूतदारपणे गप्प होते. व्यायामाच्या सरांनी तर बाहेर पडताना माझी पाठ थोपटली, घरात कुणी आजारी असल्यासारखी. कागदाची घडी करून मी ती वरच्या खिशात ठेवली आणि उरलेले तीन तास शिकवले. काय शिकवलं ते त्या मुलांनाच विचारावं लागेल.

शाळेपासून ताईचं दुकान वीस मिनिटांवर आहे. मी चालत निघालो. संध्याकाळचं ऊन भिंतींवर वर चढत चाललं होतं, दुकानांची कापडी छपरं गुंडाळली जात होती, एका केशकर्तनालयात न्हावी आणि गिऱ्हाईक दोघंही आरशात बघून एकमेकांशी बोलत होते. मी ठरवलं होतं की सवलत लिहायची. खरंच ठरवलं होतं. एक वर्ष म्हणजे काय मोठंसं, मी स्वतःला समजावत होतो, माल निघून जाईल, मागं मशीनवर बसणाऱ्या दोघींना दुसरं काम बघायला वेळ मिळेल, भावोजींचा रक्तदाब जागेवर राहील, आणि पुढल्या वर्षी मुलं करड्या रंगात येतील, कुणीही कुणाच्या वाटेत न येता. वाक्य मी मनात तयारही केलं: 'शाळेची अडचण लक्षात घेता.' चांगलं सरकारी वाक्य, कुणाचा हात लागलाय ते कळत नाही. पण दर दहा पावलांनी ती मुलगी टाकीशेजारी येऊन उभी राही. ती कसली तक्रार करत नव्हती. नुसती वळून बघायची आणि म्हणायची, बरं, आईला सांगते. एक वर्ष म्हणजे त्या बाईची आणखी एक बादली. म्हणजे फाटकापाशी माझे आणखी चाळीस सोमवार. मी फाटकावरची पाळी बदलून मागू शकलो असतो, हेही मनात आलं. आलं आणि मला माझीच लाज वाटली. मी चालायचा वेग वाढवला, जणू लवकर पोचल्यानं माणूस आपोआप बरा होतो.

दुकानात ताई एकटीच होती. भावोजी गोदामात गेले होते, मशीनवरच्या दोघी घरी गेल्या होत्या. ताई आता छप्पन्न वर्षांची आहे, गुडघे धरलेले आहेत, पण कापायच्या टेबलापाशी उभी राहिली की अजून तिच्यापुढे जायला मला भीती वाटते. ती खडूनं कापडावर रेघा मारत होती. मागच्या फळीवर हिरवे तागे छतापर्यंत लागले होते, नवेकोरे, दोऱ्या न सोडलेले. मला बघून म्हणाली, "चेहरा का असा? बायकोनं हाकललं का?" मी म्हटलं, नाही. "मग बस. पाणी पी. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय मोडलाय." मी दुसऱ्या स्टुलावर बसलो आणि खिशातला कागद काढून तिच्यापुढे ठेवला. ती वाचायला चष्मा शोधू लागली. चष्मा डोक्यावर होता, मी तो खाली ओढून दिला. तिनं तिन्ही पानं वाचली, बोट ठेवून वाचली, आणि शेवटच्या कोऱ्या ओळीशी बोट थांबलं. "हे तू लिहायचंस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "होणारच होतं हे," ती म्हणाली आणि परत रेघा मारायला लागली. 

मग मी तिला सकाळची गोष्ट सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक, बहुधा मला तिच्याकडून रागावून घ्यायचं होतं. स्कर्ट, मोज्यांवरचे ओघळ, पिवळा कमी पडला, सगळं सांगितलं. ती वर न बघता म्हणाली, "उंच आहे ती? आईचा एक दात पुढं आहे?" मी म्हटलं, आईला मी बघितलेलं नाही. "तीच असेल. गेल्या महिन्यात येऊन चिंधी घेऊन गेली." मला कळेना. ताईनं खडू ठेवला. "चिंधी रे. नमुन्याला. कापून उरलेल्या चिंध्या असतात, त्या मागायला येतात बायका. बाहुलीला हवीय म्हणतात, भरतकामाला हवीय म्हणतात. मला काय कळत नाही? वीतभर कापड समोर असल्याशिवाय रंग जुळवायचा कसा? मी देते. चांगली मोठी बघून देते." मी विचारलं, कधीपासून. "पहिल्या वर्षापासून," ती म्हणाली. "यांना माहीत नाही. त्या दोघींना माहीत आहे. मी त्यांना सांगूनही बघते की बाई, थोडा तांबडा घाला. कुणाला पटत नाही. हिरव्यात तांबडं कुठलं, म्हणतात."

मी तिच्याकडे बघत राहिलो. म्हणजे तो तांबडा माहीत असणारं तिसरं माणूस इथं उभं होतं, आणि ते एकोणीस वर्षं मागच्या दारानं चिंध्या वाटत होतं, आणि पुढच्या दाराशी मी उभा राहून त्या चिंध्यांवरून रंगवलेले कपडे वेचून काढत होतो.  "तू मला कधी बोलली का नाहीस?" मी म्हणालो. त्यावर मात्र ती चिडली. "काय बोलायचं? तू तो कागद घेऊन आलास, डोळ्यांत पाणी आणून आलास. ताई, बघ तुझ्यासाठी काय केलं. मला विचारलं होतंस आधी? मला तर तो रंग तेव्हाही आवडला नव्हता. शेवाळं नुसतं. पण तुला नाही कसं म्हणू? आणि मग धंदा चालायला लागला. चालायला लागल्यावर कोण नाही म्हणतं?" ती श्वास घ्यायला थांबली, टेबलाच्या कडेला हात टेकून. तिची बोटं मी बघत होतो, खडूनं पांढरी झालेली. मला वाटलं आता ती म्हणेल, लिहून टाक यंदापासून, सुटू दे सगळ्यांना. मी अगदी त्या वाक्याची वाट बघत होतो. ते ती म्हणाली असती तर सगळं तिच्या नावावर झालं असतं आणि मी नेहमीसारखा तिचा आज्ञाधारक धाकटा भाऊ राहिलो असतो.

ताई म्हणाली, "एक वर्ष घे." मी टेबलावरचा कागद सरळ केला. "ऐकलंस का? एक वर्ष मागून घे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. आता मागते. हे सगळं कापड नवं आहे, या रंगाचं दुसरं कुणी काही शिवणार नाही, बेडकी पडदे कोण लावतं घरात? मला एक वर्ष पाहिजे. पुढं मी करडं ठेवीन, चार दुकानांसारखं पाचवं दुकान चालवीन, नाहीतर बंद करीन. पण हे अंगावर पडायला नको. आमचं वय आहे का आता अंगावर घ्यायचं?" तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, चिंध्यांचं सांगितलं त्याच आवाजात, आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. चिंध्या देणारीही तीच होती आणि वर्ष मागणारीही तीच, आणि दोन्ही खरं होतं. फक्त आता मधे मी होतो, आणि मला ढकलायला कुणी उरलं नव्हतं. मला आठवतं, मी त्या क्षणी फळीवरच्या ताग्यांकडे बघितलं आणि मला तो रंग पहिल्यांदा, माझा न वाटता, नुसता दिसला. वाईट नव्हता. पण एका पोरीनं त्याच्यासाठी ओल्या स्कर्टात टाकीशेजारी उभं राहावं इतकाही काही चांगला नव्हता.

"नाही ताई," मी म्हणालो. आवाज बारीकच निघाला, नऊ वर्षांच्या पोराचा निघावा तसा. मी पेन काढलं. ताग्यांच्या समोर, तिच्याच टेबलावर, कोऱ्या ओळीत लिहिलं: शाळेची काही अडचण नाही, येत्या वर्षापासूनच. खाली नाव लिहिलं, तारीख घातली. माझं अक्षर एरवी वळणदार आहे; ते तसंच आलं, त्याचा मला राग आला. ताईनं ते उलटं वाचलं, तिला उलटं वाचता येतं, माझ्या वहीवर समोरून नजर ठेवता ठेवता शिकलीय. मग तिनं कापड उचललं, घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून उलगडली, परत घातली. मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही, कारण धरायचा मला आत्ता काय अधिकार होता. मी स्टुलावरून उठलो आणि उभाच राहिलो. जायचंही सुचेना.

तेवढ्यात गोदामाची किल्ली बोटात फिरवत भावोजी आले. भावोजी स्वभावानं फार मोकळे, मला बघितलं की त्यांना नेहमी आनंद होतो, आणि तो खरा असतो. "अरे वा, मास्तर," ते म्हणाले, "बरं झालं आलात. मी ऐकलं बाजारात, काहीतरी कागद आलाय म्हणे गणवेशाचा. म्हटलं आपले मास्तर आहेत तिथं, घाबरायचं कारण नाही. एक वर्ष तर मिळेलच, काय?" माझं तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "नाही हो मिळत. वरूनच ठरून आलंय, यंदापासूनच. यानं खटपट केली पुष्कळ, बैठकीत भांडलासुद्धा. ऐकतंय कोण." तिनं हे कापडाची कड सरळ करत, इतक्या सहज सांगितलं की मला लख्ख कळलं, माझ्यासाठी असं बोलणं तिच्या अंगवळणी पडलेलं आहे. आईपाशी, वडिलांपाशी, घरमालकापाशी, शाळेतल्या बाईंपाशी ती माझ्या बाजूनं अशीच बोलत आली असणार, मला न विचारता, मी मागे उभा असताना. आत्ता, माझ्यावर एवढी संतापलेली असतानाही, ती मला पाठीशी घालत होती. कागद तिनं ताग्याखाली सरकवला होता.

भावोजींचा चेहरा उतरला. त्यांनी एकदा फळ्यांकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि किल्ली खिळ्याला अडकवली. मग माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या," म्हणाले. "तुम्ही तुमच्याकडून केलंत ना, बास. त्याहून माणूस काय करणार. मनाला लावून घेऊ नका." हात ऊबदार होता, आणि जड. त्या हाताखालून मला सरळ घरी जाता आलं असतं. मुलीचं काम झालं होतं, भावोजींच्या लेखी मी भलाच राहिलो होतो, ताई मरेपर्यंत बोलली नसती. सगळ्या बाजूंनी शिवण बसली होती. मला फक्त मान डोलवायची होती, आणि मी इतकी वर्षं उत्तम मान डोलवत आलो होतो.

"मी भांडलो नाही, भावोजी," मी म्हणालो. "माझ्याच हातात होतं. मी मागितलं असतं तर वर्ष मिळालं असतं. ताईनं मागितलं माझ्याकडे, आत्ता, तुम्ही यायच्या आधी. मी नाही म्हटलं. यंदापासून असं मीच लिहिलंय." मी ताग्याखालून कागद ओढून काढला आणि त्यांना दाखवला. खांद्यावरचा हात निघाला. हळू निघाला, झटकला नाही, पण निघाला, आणि ती जागा गार पडली. ताईनं माझ्याकडे बघितलं. ती चिडली होती, भयंकर चिडली होती. आजवर ती माझ्यावर हजारदा चिडली असेल, पण ते सगळं वरून खाली, नऊ वर्षांच्या उंचीवरून. आता ती समोर बघून चिडली होती, एखाद्या पुऱ्या वाढलेल्या माणसावर चिडावं तशी, आणि मला ते सोसवत नव्हतं, आणि मी नजर खाली घेतली नाही. भावोजींनी कागद वाचला. मग मोडक्या पायाचं स्टूल पायानं बाजूला सारलं, धड होतं ते माझ्यापुढे ओढलं आणि म्हणाले, "बसा. आणि का केलंत, ते मला नीट सांगा." मी बसलो आणि सांगायला लागलो.